मूल कुठे वाढणार, हे कोण ठरवते?

ज्या मुलाला श्वासासाठी व्हेंटिलेटर लागतो, ज्याला पोटात बसवलेल्या नळीतून अन्न द्यावे लागते, ज्याला फिट केव्हा येईल याचा नेम नसतो, किंवा ज्याची स्वमग्नता इतकी तीव्र असते की ते स्वतःला इजा करून घेते आणि त्याच्यासाठी रात्रीही कोणाला तरी जागे राहावे लागते, अशा मुलाच्या गरजांना अमेरिकेतील वैद्यक आणि समाजकार्याच्या क्षेत्रात ‘गुंतागुंतीच्या गरजा’ म्हटले जाते. केवळ एखादा आजार गंभीर असणे म्हणजे गुंतागुंत नव्हे. शरीर, बुद्धी, वर्तन आणि संवाद यांपैकी दोन-तीन बाजूंनी एकाच वेळी मदत लागणे, ती दिवसाचे चोवीस तास लागणे आणि ती देणाऱ्या डॉक्टर, परिचारिका, शिक्षक व उपचारतज्ज्ञ यांच्या कामात मेळ घालावा लागणे, हा तिचा अर्थ आहे. अशी बहुसंख्य मुले अमेरिकेतही आईवडिलांजवळच वाढतात. मात्र काही मुले निवासी संस्थांत राहतात, आणि ती तिथे का राहतात असे विचारले तर ‘त्यांची अवस्थाच तशी असते’ हे उत्तर सहज दिले जाते. अमेरिकेचा पावणेदोनशे वर्षांचा अनुभव या उत्तराला दुजोरा देत नाही. सारख्याच अवस्थेतील दोन मुलांपैकी एक घरी आणि दुसरे संस्थेत वाढते, तेव्हा त्यांच्यातील फरक बहुधा सार्वजनिक पैसा कोणत्या ठिकाणी मिळतो आणि कोणत्या ठिकाणी मिळत नाही, यातून पडलेला असतो.

शाळांची झालेली कोठारे

या संस्थांचा आरंभ आशेतून झाला. बोस्टनमधील अंधशाळेचे संचालक डॉ. सॅम्युअल ग्रिडली हाव यांच्या आग्रहावरून मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने १८४८ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या दहा मुलांना शिकवून पाहण्यासाठी तीन वर्षे दरसाल २५०० डॉलर मंजूर केले. ज्यांना शिकवणे अशक्य मानले जात होते, ती मुले बोलू, चालू आणि स्वतःचे स्वतः करू लागतील आणि मग आपापल्या गावी परततील, अशी त्यामागची कल्पना होती. पेनसिल्व्हेनियात १८५२ मध्ये सुरू झालेली आणि पुढे एल्विन या नावाने ओळखली गेलेली शाळाही याच विचारातून निघाली. हाव यांना धोक्याची जाणीवही लवकर झाली होती. न्यूयॉर्क राज्यातील बटेव्हिया येथे १८६६ मध्ये अंधांच्या एका नव्या संस्थेची कोनशिला बसवली जात असताना त्यांनी समारंभाला न साजेसे वाटावे असे भाषण केले: सारख्याच व्यंगाची माणसे एकत्र कोंडून ठेवणाऱ्या संस्था मुळातच अनैसर्गिक असतात, त्या शक्य तितक्या कमी असाव्यात आणि मुलांना घराच्या व समाजाच्या जवळ ठेवावे, असे त्यांनी उपस्थितांना सांगितले.

घडले मात्र उलट. गावी परतलेल्या मुलाला तिथे ना शाळा होती ना आधार, त्यामुळे शिकलेली मुलेही संस्थेतच राहिली. राज्य सरकारे मदत देत ती संस्थेलाच, त्यामुळे हतबल पालकांपुढे दुसरा मार्ग उरला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुप्रजननवादाचा, म्हणजे ‘दुबळ्या’ माणसांची संतती रोखून समाज सुधारण्याच्या विचाराचा, जोर वाढला आणि शिक्षणाची जागा विलगीकरणाने घेतली. व्हर्जिनियातील अशाच एका वसाहतीत ठेवलेल्या कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये मान्यता दिली. हाव यांची शाळा वॉल्टहॅम येथे हलून फर्नाल्ड स्टेट स्कूल बनली होती. तिथल्या मुलांना दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात संशोधनासाठी किरणोत्सारी द्रव्य मिसळलेला नाश्ता दिला गेला, आणि पालकांना त्याची खरी कल्पना देण्यात आली नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या सरकारी संस्थांमधील रहिवाशांची संख्या १९६७ मध्ये सुमारे १ लाख ९५ हजारांवर पोहोचली. अमेरिकेच्या इतिहासातील हा उच्चांक होता.

या व्यवस्थेचे सर्वांत जळजळीत उदाहरण म्हणजे न्यूयॉर्क शहरातील स्टेटन आयलंडवरील विलोब्रुक स्टेट स्कूल. १९४७ मध्ये सुरू झालेली ही संस्था ४००० जणांसाठी होती. १९६५ मध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडी यांनी तिला भेट दिली तेव्हा तिथे ६००० हून अधिक मुले आणि प्रौढ राहत होते. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून तिथे काविळीवर संशोधन चालू होते आणि त्यासाठी नव्याने दाखल होणाऱ्या मुलांना मुद्दाम विषाणूचा संसर्ग दिला जात असे. गर्दीमुळे १९६४ मध्ये सर्वसाधारण प्रवेश बंद झाले, तेव्हा संशोधनाच्या विभागात मात्र जागा होत्या, आणि प्रतीक्षेत असलेल्या पालकांना तसे कळवण्यात आले. दुसरीकडे कुठेही मदत न मिळणाऱ्या पालकांची ती संमती कितपत मोकळी होती, हा प्रश्न आजही वैद्यकीय नीतिशास्त्राच्या वर्गांत चर्चिला जातो.

जानेवारी १९७२ मध्ये मायकेल विल्किन्स या डॉक्टरांनी पत्रकार जेराल्डो रिव्हेरा यांना संस्थेच्या एका इमारतीत नेले आणि आतले दृश्य दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोहोचले. उघडीनागडी मुले जमिनीवर पडलेली होती, त्यांच्याकडे पाहायला एखाददुसराच कर्मचारी होता, आणि ज्या मुलाला भरवायला वीस-तीस मिनिटे लागायला हवीत त्याच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येत होती. त्याच वर्षी पालकांनी राज्याविरुद्ध खटला भरला. १९७५ च्या तडजोडीच्या निवाड्यानुसार राज्याने रहिवाशांना छोट्या घरांत हलवण्याचे मान्य केले आणि १९८७ मध्ये विलोब्रुक बंद झाले. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातील पेनहर्स्टही दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर बंद पडले, तर १९९१ मध्ये लॅकोनिया येथील संस्था बंद करून न्यू हॅम्पशायर हे अशी एकही सरकारी संस्था नसलेले पहिले राज्य ठरले. आज देशभरातील मोठ्या सरकारी संस्थांतील रहिवाशांची संख्या २० हजारांच्या खाली आली आहे.

दोन हक्क आणि एक मुलगी

मोठ्या संस्था बंद होण्यामागे केवळ संताप नव्हता, पर्यायही उभे राहत होते. पहिला पर्याय शाळेचा होता. १९७५ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक दिव्यांग मुलाला मोफत आणि त्याला योग्य असे शिक्षण देण्याची जबाबदारी सरकारी शाळांवर टाकली. हाच कायदा १९९० पासून ‘आयडिया’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे पालक आणि शिक्षक यांनी मिळून वर्षासाठी ठरवलेला लेखी कार्यक्रम, तयार करावा लागतो. मुलाला शक्य तितके इतर मुलांबरोबर ठेवावे, हे त्याचे मूळ सूत्र आहे. त्याच कायद्याची एक दुसरी बाजूही आहे: मुलाला शिकण्यासाठी निवासी शाळेचीच गरज आहे असे सिद्ध झाले, तर शिक्षणाबरोबर राहण्या-जेवणाचा खर्चही सरकारी व्यवस्थेलाच करावा लागतो. हा खर्च वर्षाला एक लाख डॉलरच्या पुढे सहज जात असल्याने त्यावरून पालक आणि शाळा यांच्यात कडवे वाद होतात.

दुसरा पर्याय उपचारांच्या खर्चाचा होता, आणि तो आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्सच्या केटी बेकेट या मुलीमुळे मिळाला. १९७८ मध्ये जन्मलेल्या केटीला पाच महिन्यांची असताना मेंदूज्वर झाला, तिला व्हेंटिलेटर लागू लागला आणि ती तीन वर्षांची होईपर्यंत रुग्णालयातच राहिली. तिला घरी सांभाळता येईल असे डॉक्टरांचे मत होते आणि आईवडिलांची तयारीही होती, परंतु मेडिकेडच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या व दिव्यांग लोकांसाठी केंद्र आणि राज्ये मिळून चालवतात त्या आरोग्ययोजनेच्या नियमात अडचण होती. मूल संस्थेत किंवा रुग्णालयात दीर्घकाळ असेल तर पात्रता ठरवताना फक्त मुलाचे उत्पन्न पाहिले जाई, आणि मुलाचे उत्पन्न शून्यच असल्यामुळे सर्व खर्च सरकार करी; तेच मूल घरी आले की आईवडिलांचे उत्पन्न मोजले जाई आणि मदत बंद होई. नोव्हेंबर १९८१ मध्ये अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी पत्रकार परिषदेत या नियमाचा उल्लेख केला. रुग्णालयात ठेवण्यासाठी महिन्याला ६००० डॉलर द्यायचे आणि त्याच्या एक षष्ठांशात ती घरी राहू शकत असताना ते मात्र द्यायचे नाहीत, याला काय अर्थ आहे, असा त्यांचा प्रश्न होता. तिच्यापुरता नियमाला अपवाद केला गेला आणि केटी त्याच डिसेंबरमध्ये घरी आली. पुढच्या वर्षी राज्यांना आईवडिलांचे उत्पन्न न मोजता अशा मुलांना घरी मदत देण्याची मुभा कायद्याने मिळाली, आणि ती तरतूद आजही तिच्या नावाने ओळखली जाते. डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा कितीतरी अधिक जगून, पदवी घेऊन आणि दिव्यांगांच्या हक्कांसाठी काम करून केटी २०१२ मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी वारली. तिच्या आजारात बदल झाला नव्हता. बदलला होता तो नियम, आणि तेवढ्याने तिचे राहण्याचे ठिकाण बदलले.

१९८१ च्या एका कायद्याने राज्यांना संस्थेतील काळजीसाठीचा मेडिकेडचा पैसा घरी आणि वस्तीत वापरण्याची सवलत दिली. या सवलतीला ‘वेव्हर’ म्हणतात आणि विशेष मुले असलेल्या कुटुंबांच्या रोजच्या बोलण्यात हा शब्द सतत येतो. संस्थेतील जागा हा पात्र व्यक्तीचा हक्क मानला गेला, वेव्हरच्या जागा मात्र राज्य मर्यादित ठेवू शकते. परिणामी देशभरात लाखो नावे प्रतीक्षायादीत आहेत. वेव्हर राज्यापुरता असतो, त्यामुळे नोकरीनिमित्त एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या कुटुंबाला यादीतील जागा सोडून पुन्हा शेवटी उभे राहावे लागते. अमेरिकेतील मराठी कुटुंबांपैकी अनेकांचे आयुष्य अशाच बदल्यांचे असल्याने त्यांना हा नियम विशेष जाचतो. मुलाचा शाळेचा हक्क मात्र पालकांच्या व्हिसावर अवलंबून नसतो, हेही त्यांनी जाणून घेण्यासारखे आहे.

आजची निवासी घरे

सध्याच्या संस्थांचे साधारण चार प्रकार करता येतात. पहिला प्रकार बालकांच्या नर्सिंग होमचा. तिथे श्वासनलिकेत छिद्र करून नळी बसवलेली, व्हेंटिलेटरवर असलेली मुले राहतात. न्यूयॉर्कजवळील यॉंकर्स येथील एलिझाबेथ सीटन बालकेंद्र हे याचे ठळक उदाहरण असून तिथे मुलांसाठी शाळाही चालते. दुसरा प्रकार निवासी विशेष शाळांचा. ज्या शाळेत हेलन केलर शिकली ती मॅसॅच्युसेट्समधील पर्किन्स शाळा आता बहिरे-अंध आणि बहुविकलांग मुलांसाठी काम करते. बोस्टनजवळची हिगाशी शाळा जपानी शिक्षिका कियो किताहारा यांच्या पद्धतीने, व्यायाम, संगीत आणि कलेच्या आधारे स्वमग्न मुलांना शिकवते. तर पेनसिल्व्हेनियातील कॅम्पहिल शाळेत मुले कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांबरोबर एकाच घरात राहतात. तिसरा प्रकार मानसोपचाराच्या निवासी केंद्रांचा, जिथे मुलाने काही महिने राहून घरी परतावे अशी अपेक्षा असते. चौथा प्रकार ग्रुप होमचा, म्हणजे साध्या वस्तीतील साध्या घरात चार-सहा मुले आणि पाळीने येणारे कर्मचारी अशा छोट्या घरांचा.

चांगल्या घरातील दिवस अत्यंत तपशिलाने आखलेला असतो. न बोलणाऱ्या मुलाला चित्रांच्या पट्टीवरून किंवा टॅबलेटवरून आपली इच्छा सांगायला शिकवले जाते, कारण चावणे आणि डोके आपटणे यांसारखे वर्तन पुष्कळदा सांगता न आलेल्या वेदनेची किंवा नकाराची भाषा असते. दुखत असलेला दात किंवा बद्धकोष्ठ लक्षात न आल्यामुळे ‘हिंसक’ ठरलेल्या मुलावर उपचार झाले की त्याचे वर्तन निवळते, असा अनुभव या क्षेत्रातील लोक सांगतात. म्हणून कर्मचाऱ्यांचे पहिले काम मुलाला आवरण्याचे नसून त्याला वाचण्याचे असते. मुलाचे ठरलेले उशीपांघरूण, आवडीचा पदार्थ, झोपण्यापूर्वीचा क्रम यांची लेखी नोंद असते, जेणेकरून पाळी बदलली तरी मुलाचे जग बदलू नये.

हे सारे ज्या माणसांवर अवलंबून असते, त्यांचा पगार मात्र बहुधा दुकानातील विक्रेत्याएवढाच असतो. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी वर्षभरात दहातील सुमारे चार जण नोकरी सोडतात, असे अनेक राज्यांतील पाहण्यांत दिसले आहे. जे मूल एका माणसाचा स्पर्श ओळखायला सहा महिने घेते, त्याच्या दृष्टीने या गळतीचा अर्थ दर वर्षी नव्या अनोळखी हातांत जाणे असा होतो. दर ठरवणारे सरकारच असल्यामुळे हाही शेवटी सार्वजनिक पैशाचाच प्रश्न आहे.

बंद दारामागे

विलोब्रुकची इमारत बंद झाली तरी ज्या कारणांनी विलोब्रुक घडले ती संपलेली नाहीत. मिशिगनमधील कॅलमाझू येथील एका निवासी केंद्रात २०२० मध्ये सोळा वर्षांच्या मुलाने जेवणाच्या वेळी सॅंडविच फेकले म्हणून कर्मचाऱ्यांनी त्याला जमिनीवर दाबून धरले आणि त्यात त्याचा जीव गेला. सिनेटच्या वित्त समितीने दोन वर्षांच्या चौकशीनंतर २०२४ मध्ये मानसोपचाराच्या निवासी केंद्रांबद्दल अहवाल प्रसिद्ध केला. खाटा भरलेल्या ठेवायच्या, कर्मचारी कमीत कमी नेमायचे आणि सरकारी पैसा घ्यायचा, या व्यवहारातूनच मुलांची हेळसांड होते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षाच्या अखेरीस, किशोरवयात अशाच केंद्रांत ठेवल्या गेलेल्या, पुढे दूरचित्रवाणीवरून प्रसिद्ध झालेल्या पॅरिस हिल्टनसारख्यांच्या पाठपुराव्यामुळे, या संस्थांतील छळाचा राष्ट्रीय पातळीवर अभ्यास करण्याचा कायदा मंजूर झाला.

देखरेखीची यंत्रणा कागदावर मजबूत आहे. विलोब्रुकच्या प्रसिद्धीनंतर, १९७५ मध्ये, प्रत्येक राज्यात संरक्षण आणि वकिली करणारी स्वतंत्र संस्था स्थापण्याची तरतूद झाली. तिला निवासी संस्थेत जाऊन मुलांना भेटण्याचा आणि नोंदी पाहण्याचा अधिकार आहे. २०१८ च्या ‘फॅमिली फर्स्ट’ कायद्याने सरकारी ताब्यातील मुलांना मोठ्या निवासी केंद्रांत ठेवण्यासाठी मिळणारा केंद्राचा पैसा बहुतेक प्रकरणांत दोन आठवड्यांपुरता मर्यादित केला. त्याहून अधिक काळ ठेवायचे तर केंद्र मान्यताप्राप्त हवे, तिथे परिचारिका हव्यात, तीस दिवसांत मुलाचे स्वतंत्र मूल्यमापन आणि साठ दिवसांत न्यायालयाची तपासणी व्हायला हवी, आणि घरी परतल्यावर किमान सहा महिने आधार मिळायला हवा. यात मोठी केंद्रे बंद करण्याची घाई असली तरी पर्यायी घरे त्या वेगाने उभी राहिली नाहीत, आणि जागा न मिळालेली मुले रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आठवडेच्या आठवडे अडकून पडतात किंवा परराज्यात पाठवली जातात, जिथे त्यांना भेटायला कोणी येत नाही.

पालकांवर येणारी सर्वांत क्रूर वेळ मुलाचा ताबा सोडण्याची असते. संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००३ मध्ये दाखवून दिले की, २००१ च्या आर्थिक वर्षात किमान १२,७०० मुलांना त्यांच्या पालकांनी केवळ मानसोपचार मिळावेत म्हणून बालकल्याण किंवा बालन्याय यंत्रणेच्या हवाली केले होते. ही सारी राज्ये आणि जिल्हे मिळून केलेली मोजणी नव्हती, जिथून माहिती मिळाली तेवढ्यांचीच होती. या पालकांनी मुलांना टाकले नव्हते. मुलाला मदत मिळवण्याचे एकच दार उघडे होते आणि त्याच्या उंबरठ्यावर त्यांच्याकडून पालकपण मागितले गेले.

फ्लोरिडातील एका खटल्यात हीच गोष्ट वैद्यकीय गरजांच्या बाबतीत पुढे आली. घरी परिचारिका मिळत नाही म्हणून मुलांना नर्सिंग होममध्ये ठेवावे लागते, अशा तक्रारींवरून केंद्रीय न्याय विभागाने २०१३ मध्ये राज्याविरुद्ध दावा केला. जिथे समाजात राहून मदत देता येते तिथे दिव्यांग व्यक्तीला संस्थेत ठेवणे हा भेदभाव आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या ओल्मस्टेड निवाड्यात सांगितलेले तत्त्व त्याला आधारभूत होते. २०२३ मध्ये केंद्रीय जिल्हा न्यायालयाने फ्लोरिडा राज्याला दोषी ठरवले. सुमारे १४० मुले तेव्हा नर्सिंग होममध्ये होती; राज्याने अपील केले. या प्रकरणात घरी नेण्यास तयार असलेले पालक होते आणि कायद्याने मान्य असलेले परिचारिकेचे तासही होते, मात्र ठरलेल्या दरात येणाऱ्या परिचारिका नव्हत्या.

एकविसाव्या वर्षानंतर

मुलांसाठीच्या या साऱ्या व्यवस्थेला वयाची अट आहे. शाळेचा हक्क बहुतेक राज्यांत एकविसाव्या वर्षाच्या आसपास संपतो, मुलांसाठीचे मेडिकेडचे विशेष लाभही तेव्हाच थांबतात आणि मुलांच्या निवासी घरातून बाहेर पडावे लागते. गंभीर अवस्थेतील जी मुले पूर्वी लहानपणीच दगावत ती आज वैद्यकाच्या प्रगतीमुळे तरुण होतात, पण त्यांच्यासाठी पुढची जागा सहसा वृद्धांच्या नर्सिंग होममध्येच असते. मॅसॅच्युसेट्सने १९८३ मध्ये केलेल्या ‘टर्निंग ट्वेंटी-टू’ कायद्यानुसार शाळा संपण्यापूर्वी दोन वर्षे पुढील मदतीची आखणी सुरू करावी लागते. अशी दूरदृष्टी सर्वत्र नाही.

महाराष्ट्रातही हा प्रश्न नवा नाही. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी रस्त्यावर, रेल्वे फलाटावर आणि बसस्थानकावर टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना वाढवले, त्यांना आपले नाव दिले आणि काहींचे संसारही उभे करून दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, परंतु त्यांची खरी मागणी सन्मानाची नाही. अठराव्या वर्षी बालगृहातून बाहेर पडणाऱ्या बेवारस दिव्यांग मुलांचे आयुष्यभर पुनर्वसन व्हावे असा कायदा करा, ही ती मागणी आहे. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने कायद्यात लिहिलेली गोष्ट आणि वझ्झरच्या टेकडीवरून एक म्हातारा माणूस वर्षानुवर्षे सांगत आलेली गोष्ट तत्त्वतः एकच आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार भारतातही पालकांच्या पश्चात राहण्यासाठी ‘घरौंदा’सारख्या योजना आहेत, परंतु गरजेच्या मानाने त्या तोकड्या आहेत.

अमेरिकेच्या अनुभवावरून महाराष्ट्राने निवासी घरे बांधूच नयेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. थकलेली, एकटी, वृद्ध होत चाललेली आई आणि रात्रभर जागे असणारे मूल यांना चांगल्या निवासी घराची खरोखरच गरज असू शकते, आणि ते त्यांना अपराधी न वाटता मिळायला हवे. मात्र अशा घराला मान्यता देताना तीन गोष्टी तपासायला हव्यात: आत किती माणसे आहेत आणि ती किती वर्षे टिकतात, बाहेरचा माणूस, विशेषतः पालक, न सांगता केव्हाही आत येऊ शकतो का, आणि जेवढा पैसा सरकार या खाटेवर खर्च करते तेवढा मुलाच्या घरी पोहोचला असता तर ते इथे आले असते का. यांतील तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण त्याचे उत्तर संस्थेकडे नसून सरकारच्या अंदाजपत्रकात असते. डॉ. हाव यांनी १८६६ मध्ये इशारा दिला होता, परंतु पैसा आणि नियम यांची दिशा बदलल्याशिवाय तो फलद्रूप होणे शक्य नव्हते; केटी बेकेटच्या बाबतीत ती बदलली आणि एका वर्षात बदल झाला. महाराष्ट्रात दिव्यांग मुलांसाठी नवी इमारत बांधण्याचा प्रस्ताव येईल, तेव्हा त्याच्या शेजारी घरी जाणाऱ्या मदतीचा प्रस्ताव ठेवून दोन्हींची तुलना व्हायला हवी, आणि तोवर आधी इमारत मंजूर करण्याची घाई कोणी करू नये.